मोमोची पारी शिजते, पण आतला खिमा शिजला का?

आमच्या साताऱ्याच्या घरी डुकराच्या मांसाचे मोमो करताना एकच अडचण पुन्हा पुन्हा येत होती. पारी चकचकीत होऊन आतले सारण अंधुक दिसू लागले की मोमो झाले असे समजून मी भांडे उतरवत असे. पण पानात पहिला मोमो फोडला की आतला खिमा कधी गुलाबी दिसे, कधी चिकट लागे, आणि कधी सगळे ठीक दिसूनही मनातली शंका जात नसे. यजमान लष्करात असताना तीन वर्षे आम्ही गंगटोकला होतो आणि हा पदार्थ मी तिथल्या शेजारणीकडून शिकले. तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही, परंतु ती एकाच भांड्यात, एकाच आकाराचे, त्याच दिवशी आणलेल्या मांसाचे मोमो जवळजवळ रोज करत असे. साताऱ्यात परतल्यावर माझे भांडे बदलले, मांस बर्फातले मिळू लागले, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी करायचे म्हटल्यावर हातावरचा अंदाजही राहिला नाही.

दोन प्रसंगांनी मला या प्रश्नाच्या मुळाशी जायला भाग पाडले. पहिल्या वेळी बारा मिनिटे वाफवलेला मोमो कापला तर आत स्पष्ट गुलाबी रंग होता, म्हणून सगळे मोमो परत भांड्यात ठेवले; पंचवीस मिनिटांनंतर पाऱ्या फाटून रस खाली गळाला, तरी गुलाबी रंग हटेना. शेवटी यजमानांनी कबाबांसाठी आणलेला टोकदार डिजिटल थर्मामीटर खुपसून पाहिला, तर आतले तापमान ८८ अंश सेल्सिअस भरले, म्हणजे खिमा केव्हाच शिजला होता आणि मी उगीचच त्याचा चोथा केला होता. दुसऱ्या वेळी नेमके उलटे झाले. सारणात सोया सॉस सढळ हाताने पडल्यामुळे आतला रंग छान तपकिरी दिसत होता, पाहुणे पानावर बसले होते, आणि केवळ मागच्या फजितीची आठवण म्हणून मी थर्मामीटर लावला तर आकडा ५७ वर थांबला. ज्या रंगावर मी विसंबून होते त्याने मला दोन्ही बाजूंनी फसवले होते.

मोदकाच्या सवयीने होणारी चूक

आपल्या हाताला वाफवण्याचा जो सराव असतो तो मोदकांचा. उकडीच्या मोदकात तांदळाच्या पिठाची उकड आधीच शिजलेली असते आणि नारळ-गुळाचे सारणही कढईत परतून झालेले असते. मोदकपात्रात उरते ते फक्त दोन्ही एकजीव होऊन पारीला तकाकी येण्याचे काम. म्हणून ओले बोट लावून पारी चिकटत नाही ना हे पाहिले की मोदक झाला, ही आपली परीक्षा अगदी योग्य आहे. करंजीतही सारण शिजलेलेच असते. मोमोत मात्र सारण कच्चे आणि तेही मांसाचे असते, आणि पारी हा त्यातला सगळ्यात लवकर शिजणारा भाग असतो. मैद्यातले स्टार्च साधारण ६० अंशांच्या पुढे फुगून पारदर्शक होऊ लागते, आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची पारी थेट वाफेत असल्यामुळे चार-पाच मिनिटांतच तशी दिसू लागते, तर त्या वेळी सारणाचा मध्यभाग नुसता कोमट असू शकतो. आपण बोट लावतो ते पारीला, आणि उत्तर मागतो ते सारणाचे. माझी सगळी गडबड या एका ठिकाणी होती.

मांस मध्यापर्यंत तापणे का महत्त्वाचे, हे खिमा या शब्दातच आले. अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि तो पृष्ठभाग सर्वांत आधी तापतो. खिमा करताना तोच पृष्ठभाग बारीक होऊन सगळीकडे मिसळतो, म्हणून साल्मोनेला किंवा यर्सिनियासारखे जंतू अगदी मध्यातही असू शकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने डुकराच्या अखंड तुकड्यासाठी २०११ पासून ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे थांबणे पुरेसे मानले आहे, पण खिम्यासाठी ७१ अंशच ठेवले आहेत, ते याच कारणाने. ब्रिटनमध्ये ७० अंशांवर दोन मिनिटे असा हिशेब सांगतात. घरासाठी मी मध्यभागी ७१ हा एकच आकडा धरला आहे, म्हणजे घड्याळाशी वेगळा हिशेब करावा लागत नाही.

इथे एक जोडून सांगावेसे वाटते, कारण मोमोच्या सारणात कोबीही असतो आणि कोबीतला किडा मेंदूत जातो ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. डुकराच्या मांसात फीतकृमीचे कोष असतील आणि ते मांस कच्चे राहिले, तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होण्याचा आजार मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतो, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांच्यामार्फत तोंडात जातात. म्हणजे मांस नीट शिजवणे आणि कोबी व हात नीट धुणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.

रंग, रस, तरंगणे आणि बोटाची परीक्षा

शिजलेले डुकराचे मांस गुलाबी राहण्याची कारणे शोधताना माझ्या पहिल्या प्रसंगाचा उलगडा झाला. त्या दिवशी खिमा कमी पडला म्हणून मी त्यात बेकनचे बारीक तुकडे घातले होते. बेकन, हॅम किंवा सॉसेज टिकवण्यासाठी वापरलेले नायट्राइट मांसातल्या रंगद्रव्याशी असे बांधले जाते की तो गुलाबी रंग कितीही शिजवले तरी जात नाही. कांद्याची पात, सेलरी, कोबी यांच्यात नैसर्गिकपणे असलेल्या नायट्रेटमुळेही, विशेषतः सारण रात्रभर मुरवून ठेवले असेल तर, अशीच गुलाबी झाक राहू शकते. खिमा मऊ व्हावा म्हणून काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. त्याने मांसाची आम्लता घटते आणि रंग बदलायला नेहमीपेक्षा जास्त उष्णता लागते. याउलट सोया सॉस, लाल तिखट किंवा गडद मसाला असेल तर कच्चा खिमाही शिजल्यासारखा दिसतो. गुलाबी दिसले म्हणजे कच्चेच आणि तपकिरी दिसले म्हणजे शिजलेलेच, ही दोन्ही विधाने म्हणून सोडून द्यावी लागतात.

स्वच्छ रस निघाला की मांस शिजले, हा कोंबडीच्या तंगडीसाठी सांगितला जाणारा नियम मोमोला लावण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण मोमोतल्या रसात कोबी-कांद्याचे पाणी, वितळलेली चरबी आणि सारण मळताना घातलेले पाणी हे सगळे एकत्र असते, आणि त्यात मांसाचा रस कोणता हे ओळखता येत नाही.

मोमो पाण्यात उकडणाऱ्यांची खूण म्हणजे तो वर येऊन तरंगणे. पारीत अडकलेली हवा आणि वाफ तापून प्रसरण पावते, पारी फुगते, आणि मोमो पाण्यापेक्षा हलका होऊन वर येतो. यात खिम्याचा संबंध जवळजवळ नाही. भरताना आत हवा जास्त राहिली तर तो लवकर तरंगेल आणि घट्ट भरला तर उशिरा. उत्तर चीनमध्ये जियाओझी, म्हणजे तिथले मोमोसारखे सारण भरलेले पदार्थ, उकडताना उकळी आली की वाटीभर गार पाणी घालतात आणि असे तीन वेळा करतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तो नुसता रिवाज वाटला होता, पण त्यामागचे कारण पक्के आहे: उकळीचा खळखळाट थांबल्याने पारी फाटत नाही आणि आतल्या खिम्याला शिजायला आणखी काही मिनिटे मिळतात. तरंगणे ही तिथेही शेवटची खूण नसून मोजणी सुरू करण्याची खूण आहे.

राहता राहिली बोटाने दाबून पाहण्याची परीक्षा. कच्चा खिमा दाबला की पिठाच्या गोळ्यासारखा बसतो, शिजलेला घट्ट आणि लवचिक लागतो, आणि पारी कापल्यावर एका गोळ्यात सुटून येतो. इतरांपेक्षा ही परीक्षा बरी आहे, तरी पुरेशी नाही. मांसातली काही प्रथिने ५० ते ५५ अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागतात, त्यामुळे ६० अंशांवरचा खिमाही बोटाला शिजल्यासारखाच वाटतो. माझा तो ५७ अंशांचा मोमो दाबून पाहिला तेव्हा मला जराही संशय आला नव्हता. दाबल्यावर मऊ, लगदा लागला तर कच्चा हे नक्की म्हणावे. घट्ट लागला तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही असे धरावे.

थर्मामीटर लावण्याची पद्धत

टोकाशी तापमान मोजणारा, बारीक सळईचा डिजिटल थर्मामीटर लागतो. तबकडी आणि काटा असलेल्या जुन्या पद्धतीच्या थर्मामीटरची सळई पाच-सात सेंटीमीटर आत गेल्याशिवाय तो बरोबर आकडा दाखवत नाही, आणि एवढा मोठा मोमो कोणी करत नाही. ताप पाहण्याचा घरातला थर्मामीटर ४२ अंशांच्या आसपास संपतो, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

मोमो चिमट्याने धरून सळई आडवी, पारीच्या बाजूने आत घालावी आणि टोक सारणाच्या बरोबर मध्यावर ठेवावे. वरून सरळ खुपसली तर टोक खालच्या पारीतून जाऊन तापलेल्या चाळणीला टेकते आणि आकडा खोटाच वाढतो. ही चूक मी स्वतः तीन-चार वेळा केली आहे. मोजायचा मोमो सर्वांत मोठा असावा आणि तो जिथे वाफ कमी पोहोचते तिथला असावा. माझ्या भांड्यात ती जागा वरच्या चाळणीच्या मधोमध आहे, हे दोन-तीनदा सगळीकडे मोजून पाहिल्यावर कळले. भोक पडलेल्या मोमोतला रस गळतो, म्हणून प्रत्येक घाण्यात दोन मोमो मोजणीसाठी सोडून द्यायचे असे ठरवून टाकावे. भांड्यातून काढल्याबरोबर मोजावे, कारण एवढासा जिन्नस झपाट्याने निवतो. पहिल्या मोमोत ७१ भरले नाहीत तर सळई साबणाने धुऊनच पुढच्या मोमोत घालावी.

थर्मामीटर खरा आहे का, हे पाहायला बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्यात टोक बुडवावे. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. उकळत्या पाण्यात पाहायचे असेल तर साताऱ्यात १०० ची अपेक्षा ठेवू नये. उंचीच्या दर ३०० मीटरमागे पाणी उकळण्याचे तापमान साधारण एका अंशाने घटते, त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवरच्या साताऱ्यात पाणी ९८ च्या किंचित खालीच उकळते, आणि तो आकडा पाहून मी एक चांगला थर्मामीटर दुकानात परत द्यायला निघाले होते. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांवर आणि गंगटोकला त्याहूनही एखाद्या अंशाने आधीच उकळते. या फरकाने मोमो शिजणे अडत नाही, कारण आपल्याला हवे आहेत ते ७१. फक्त पाचगणी-महाबळेश्वरच्या मंडळींनी सांगलीच्या मापाने वेळ न लावता एक-दोन मिनिटे वाढवून धरावीत.

मध्यभाग कच्चा का राहतो

बहुतेक वेळा कारण आकारात असते. उष्णता बाहेरून मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सारणाचा गोळा दुप्पट जाड केला तर वेळ चौपट लागेल असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याला मोदक गच्च भरण्याची हौस असते, सारण कमी म्हणजे कंजूषपणा असे आपण मानतो, आणि तीच हौस मोमोत आडवी येते. आठ सेंटीमीटरच्या पारीत चहाचे दोन चमचे सारण माझ्या भांड्यात भर उकळीवर बारा मिनिटांत ७५ च्या पुढे जाते. तीन चमचे भरले तर त्याच वेळात मध्य ७० ला पोहोचतही नाही. चपटा, अर्धचंद्राकृती मोमो त्यामुळेच गोल गाठोड्यासारख्या मोमोपेक्षा लवकर शिजतो.

त्या खालोखाल बर्फाचा त्रास. साताऱ्यात हा खिमा मला ताजा क्वचितच मिळतो, त्यामुळे एकदम आणून, मोमो भरून, फ्रीजरमध्ये ठेवण्याची सोय मला सोडता येत नाही. पण बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेवढेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. गोठलेल्या मोमोची पारी नेहमीच्याच वेळेला तयार दिसते, कारण ती पातळ आहे, आणि आत बर्फाचा खडा तसाच असतो. गोठलेले मोमो बाहेर ठेवून सैल करू नयेत, पारी चिकट होऊन फाटते आणि बाहेरचा खिमा कोमट होत राहतो. ते तसेच वाफेवर ठेवावेत आणि माझ्या मापाने बाराऐवजी सोळा-सतरा मिनिटे द्यावीत. ताजे आणि गोठलेले मोमो एकाच घाण्यात कधीही लावू नयेत. फ्रीजरमध्ये ठेवल्याने जंतू मरतात असाही एक समज आहे. त्यांची वाढ थांबते, ते मरत नाहीत.

वेळ कधीपासून मोजायचा, यातही घोटाळा होतो. खालच्या पाण्याला खळखळून आधण आल्यावर, आणि चाळण ठेवल्यानंतर झाकणाच्या कडेने पुन्हा जोरात वाफ येऊ लागल्यावर घड्याळ लावावे. मध्येच झाकण उघडून पाहिले तर जमलेली वाफ निघून जाते. दर वेळी मी एक मिनिट वाढवते. दोन चाळणी एकावर एक असतील तर निम्म्या वेळानंतर त्यांची अदलाबदल करावी आणि मोमोंमध्ये बोटभर अंतर ठेवावे. खाली कोबीची पाने अंथरावीत, पण सगळी भोके बुजवू नयेत. पाणी कमी पडले तर वरून ओतायचे पाणी उकळतेच असावे. सिलिंडर संपत आला की ज्योत नकळत बारीक होते आणि त्या दिवशीची सगळी मापे फुकट जातात, हे जाता जाता सांगून ठेवते. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी काढून, मोठ्या वाफेवर. दाबाखाली पाऱ्या फुटतात.

तव्यावर करायचे मोमो तळाशी खरपूस झाले म्हणजे झाले असे अनेकांना वाटते. तो रंग फक्त तव्याला टेकलेल्या पारीचा असतो. तळ लालसर झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून घट्ट झाकण ठेवावे, सहा ते आठ मिनिटे वाफ द्यावी आणि मगच झाकण काढून पाणी आटवावे. सारण शिजते ते या झाकणाखालच्या वेळात. तळलेले मोमो हवे असतील तर आधी पूर्ण वाफवून, मोजून, थोडे निववून मग तळावेत, कारण गरम तेलात कच्च्या मोमोची पारी तीन-चार मिनिटांत सोनेरी होते आणि तेवढा वेळ खिम्याला पुरत नाही.

थर्मामीटर नसेल तर

अशा वेळी प्रत्येक घाण्यात एक मोमो मुद्दाम इतरांपेक्षा थोडा मोठा करावा आणि तो कमी वाफेच्या जागी ठेवावा. वेळ झाल्यावर तोच सुरीने मधोमध कापावा: खिमा एका गोळ्यात सुटून यावा, पारीच्या आतल्या बाजूला ओला लगदा चिकटलेला नसावा, आणि कापलेल्या मध्यातून वाफ निघावी. यातली एकही गोष्ट कमी असेल तर सगळ्या घाण्याला चार मिनिटे आणखी. सगळे जुळून आले तरीही मी दोन मिनिटे जास्तीची देतेच, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे घट्टपणा ६० अंशांवरही येतो. खिम्यात साधारण चौथा हिस्सा चरबी असेल आणि मळताना दोन-तीन चमचे पाणी जिरवले असेल, तर या जास्तीच्या मिनिटांनी मोमो कोरडा होत नाही; माझा पहिला चोथा झाला तो पंचवीस मिनिटांनी, चौदा मिनिटांनी नव्हे.

कापल्यावर कच्चा निघालाच, तर घाबरून सगळे मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत, त्यात एक कड कडक होते आणि मध्य तसाच राहतो. न कापलेले मोमो लगेच उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत परत ठेवावेत, आणि अर्धवट शिजलेले मोमो रात्रीसाठी म्हणून बाजूला काढून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण कोमट खिम्यात जंतू सर्वांत वेगाने वाढतात. ज्या ताटात ते काढले होते ते ताट, चिमटा आणि सुरी धुवावी. कापलेल्या मोमोचे दोन तुकडे एका वाटीत घालून ती वाटी त्याच चाळणीत ठेवावी. कापलेले तुकडे अखंड मोमोपेक्षा लवकर शिजतात, म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांच्यावर न विसंबता एक अखंड मोमो फोडूनच पाहावा.